प्रयोगशाळा नाही, प्रोजेक्ट नाही, तरी वैद्यकीय संशोधन: खुल्या डेटावर काम कसं सुरू करायचं

लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करणारा निवासी डॉक्टर, कोल्हापुरात बायोटेक शिकवणाऱ्या मॅडम, नागपूरचा संख्याशास्त्राचा पदवीधर. तिघांची तक्रार साधारण सारखीच असते: संशोधन करायचंय, पण मशीन नाही, नमुने नाहीत, निधी नाही. मग निधीच्या जाहिराती शोधण्यात वर्ष निघून जातं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. लाखो रुग्णांचा आणि कुटुंबांचा डेटा कुणीतरी आधीच गोळा करून ठेवलेला आहे, आणि त्यातला बराचसा फुकट मिळतो. त्यावर एक छोटं काम पूर्ण करून दाखवलं की निधी मागायला तोंड राहतं आणि सोबत काम करायला माणसंही तयार होतात.

‘आयत्या पिठावर रेघोट्या’ असा टोमणा या कामाला ऐकावा लागतो, आणि तो फक्त आपल्याकडेच नाही. २०१६ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या संपादकीयात दुसऱ्यांच्या डेटावर काम करणाऱ्यांसाठी ‘रिसर्च पॅरासाइट’ हा शब्द छापून आला होता. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी तो उलट अंगावर मिरवला आणि पुढच्याच वर्षापासून याच नावाचे पुरस्कार सुरू केले. तेव्हा लाज वाटून घेण्याचं कारण नाही. टोमण्यात थोडं तथ्य मात्र आहे, ते पुढे येईलच.

पायरी १: प्रश्न आधी, फाइल नंतर

डेटा सहज मिळतो याचा एक वाईट परिणाम झालाय. अमेरिकेतल्या ‘नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्व्हे’चा, म्हणजे एनहेन्सचा डेटा पूर्ण खुला आहे. त्यावरच्या साचेबद्ध पेपरांची मोजदाद २०२५ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त आली. २०१४ ते २०२१ दरम्यान असे पेपर वर्षाला सरासरी ४ निघायचे, २०२४ च्या पहिल्या १० महिन्यांत ते १९० निघाले. एक घटक घ्यायचा, एक आजार घ्यायचा, सॉफ्टवेअरमधून फिरवायचं, पेपर तयार. साहजिकच संपादक आता असे लेख दारातूनच परत पाठवू लागलेत. ‘हा डेटा घेऊन काय करता येईल?’ असं विचारत सुरुवात केलीत तर तुम्हीही त्याच रांगेत उभे राहाल.

चांगला प्रश्न बहुतेक वेळा वॉर्डात किंवा गावात सापडतो, आणि तो विचारणाऱ्याला डेटा कसा गोळा झाला हे माहीत असावं लागतं. ॲनिमियाचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं दिसलं. चौथ्या फेरीत तो आकडा ५३ होता. यावर ‘ॲनिमिया का वाढला?’ असा पेपर लिहायला कुणीही बसेल. पण पाहणीत रक्त बोटाच्या टोकातून घेतलेलं असतं, शिरेतून नाही. आणि बोटाच्या थेंबात ऊतींतलं पाणी मिसळलं की आकडा हलतो. याच वादामुळे सहाव्या फेरीतून ही तपासणी वगळली गेली आणि शिरेतलं रक्त घेणारी वेगळी पाहणी आखली गेली. हे ठाऊक असलेला माणूस ‘मोजमापाच्या पद्धतीमुळे किती फरक पडला असेल?’ असं विचारतो. त्या प्रश्नाला किंमत आहे.

म्हणून पहिल्या दिवशीच जोडीदार शोधा. डॉक्टर असाल तर संख्याशास्त्र जाणणारा, संगणकवाले असाल तर रुग्ण पाहिलेला. एकट्याने केलेल्या कामात चूक राहिली तर ती दिसायलाही दुसरं कुणी नसतं.

पायरी २: कोणतं दार कसं उघडतं

ढोबळमानाने दारं तीन प्रकारची. काही सताड उघडी, काही नाव नोंदवून उघडणारी, काही अर्ज आणि करारावर उघडणारी.

सताड उघड्यांत जनुकांच्या अभिव्यक्तीचा, म्हणजे कोणतं जनुक किती सक्रिय आहे याचा, डेटा ठेवणारं अमेरिकेचं ‘जिओ’ हे भांडार आहे. ते २००० पासून चालू आहे. ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ म्हणजे टीसीजीए: ३३ प्रकारचे कर्करोग, ११ हजारांहून जास्त रुग्ण. त्याचा वरचा थर, म्हणजे रुग्णाची वैद्यकीय माहिती, गाठीतले जनुकीय बदल आणि अभिव्यक्तीचे आकडे, कुणालाही उतरवून घेता येतो. कच्चा जनुकीय क्रम मात्र ‘डीबीगॅप’ या अमेरिकेच्या नियंत्रित भांडारामार्फत मिळतो आणि तिथे विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येत नाही. कायम नोकरीतला मुख्य संशोधक आणि संस्थेचा सही करणारा अधिकारी लागतो. २०२५ च्या जानेवारीपासून तिथले सुरक्षेचे नियमही कडक झालेत. महाविद्यालयाच्या साध्या सर्व्हरवर हा डेटा ठेवणं आता बसत नाही. नवख्याने वरच्या थरावरच राहावं. काम पुष्कळ आहे.

पुण्यातून चालणाऱ्या ‘इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलस’ने सुरुवातीच्या ५० स्तनकर्करुग्णांचा डीएनए, आरएनए आणि प्रथिनांचा डेटा पोर्टलवर ठेवलाय. संख्या लहान आहे, पण टीसीजीएत भारतीय रुग्ण औषधालाही सापडत नाहीत, त्यामुळे ताडून पाहण्यासाठी हा संच मोलाचा.

नाव नोंदवून मिळणाऱ्यांत आपल्याला सगळ्यात जवळचा आहे तो कुटुंब आरोग्य पाहणीचाच डेटा. पाहणी मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था करते, आणि घराघरांच्या पातळीवरच्या फाइली अनेक देशांच्या अशा पाहण्या सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या ‘डीएचएस प्रोग्राम’कडून मिळतात. पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांवर घरं आणि ७ लाख २४ हजारांवर स्त्रिया होत्या. २०२५ च्या सुरुवातीला यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा निधी थांबला तेव्हा या कार्यक्रमाचं काम एकाएकी अडकलं होतं. तेव्हा नोंदणी लवकर करा आणि उतरवलेल्या फाइली मार्गदर्शिकेसकट जपून ठेवा. पंचेचाळिशीपुढच्या लोकांचा ‘लासी’ हा डेटाही आयआयपीएसकडे फॉर्म भरून मिळतो. त्यात ७२ हजारांवर माणसं आहेत. वार्धक्य, मधुमेह, स्मरणशक्ती यांवर काम करायचं तर मी तिथूनच सुरुवात करेन.

फाइल उघडल्यावर पहिला तास कसा जातो ते सांगतो. स्त्रियांच्या फाइलीत ‘व्ही४५६’ या रकान्यात समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धूम्रपान लक्षात घेऊन जुळवलेलं हिमोग्लोबिन असतं. तिथे ११२ दिसलं तर ते ११.२ समजायचं, दशांशचिन्ह लिहिलेलं नसतं. आणि ९९४ किंवा त्यापुढचे आकडे दिसले तर ते हिमोग्लोबिनच नव्हे. ‘घरी नव्हती’, ‘नकार दिला’ अशा उत्तरांचे ते संकेतांक. ते न काढता सरासरी काढलीत तर भारतातल्या स्त्रिया एकदम ठणठणीत दिसू लागतील! ‘व्ही००५’ हा भारांक, म्हणजे प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला सरासरीत किती वजन द्यायचं तो आकडा, दहा लाखांनी भागून वापरायचा असतो. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न निवडक स्त्रियांनाच विचारलेले असल्यामुळे तिथे ‘डी००५’ हा वेगळा भारांक लागतो. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना भारांक विसरलेले शोधनिबंध मी पाहिलेत, आणि मार्गदर्शकांच्या सह्यांसकट.

रुग्णालयाच्या नोंदींवर काम करायचं तर ‘मिमिक’. बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदी एमआयटीच्या प्रयोगशाळेने ओळख पुसून ‘फिजिओनेट’वर ठेवल्यात. पैसे लागत नाहीत, पण क्रम पाळावा लागतो:

१. फिजिओनेटवर खातं उघडा, शक्यतो संस्थेच्या ईमेलने.
२. संशोधन-नीतीचे ऑनलाइन धडे देणाऱ्या ‘सिटी प्रोग्राम’चा ‘डेटा ऑर स्पेसिमेन्स ओन्ली रिसर्च’ हा अभ्यासक्रम करा. नोंदणी करताना संस्था म्हणून ‘मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अफिलिएट्स’ निवडायचं. दुसरं काही निवडलं की अभ्यासक्रमाचे पैसे मागितले जातात आणि तिथेच बरेच जण गळतात.
३. प्रत्येक विभागात किती गुण पडले तो अहवाल जोडा, नुसतं प्रमाणपत्र नको.
४. ओळख देणाऱ्या व्यक्तीचं नाव द्या. विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकांचं. त्यांना आधी फोन करून सांगून ठेवा, नाहीतर फिजिओनेटचा ईमेल त्यांच्या स्पॅममध्ये धूळ खात पडतो.
५. मंजुरीनंतर त्या विशिष्ट संचाच्या करारावर सही करा.

मंजुरी येईपर्यंत हात बांधून बसू नका. १०० रुग्णांचा नमुना संच कुणालाही उघडा आहे. त्यावर सगळा कोड लिहून ठेवा. आणि २१५० सालच्या नोंदी दिसल्या तर दचकू नका. ओळख लपवण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या तारखा वेगवेगळ्या अंतराने पुढे सरकवलेल्या आहेत. जुन्या आवृत्तीत ८९ च्या पुढच्या वृद्धांचं वय तर तीनशेच्या घरात निघतं. म्हणजे ‘कोणत्या वर्षी संसर्ग वाढला?’ असा प्रश्न या डेटाला विचारताच येत नाही.

अर्ज-कराराच्या दारांपैकी ‘यूके बायोबँक’ सगळ्यांना ठाऊक: २००६ ते २०१० दरम्यान नोंदवलेले ४० ते ६९ वयाचे सुमारे ५ लाख लोक. इथे शुल्क आहे. विद्यार्थ्यांना आणि आपल्यासारख्या देशांतल्या संशोधकांना सवलत मिळते. काम त्यांच्याच क्लाउडवर करायचं असतं आणि गणनेचे पैसे वेगळे पडतात. माझं मत विचाराल तर पहिल्या प्रकल्पासाठी हे दार ठोठावू नका.

आपल्याकडचा मोठा संच ‘जीनोमइंडिया’चा. जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीतून २० संस्थांनी १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि ९ जानेवारी २०२५ ला हा डेटा संशोधकांसाठी खुला झाल्याची घोषणा झाली. तो फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे. विभागाने ठरवलेल्या चौकटीत प्रस्ताव पाठवून तो मागावा लागतो, म्हणून विभागाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पायरी ३: एथिक्स कमिटी, स्क्रीनिंग कमिटी आणि चॅटबॉट

‘डेटा खुला आहे, मग एथिक्सची काय गरज?’ हा प्रश्न हमखास येतो. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वजनिक, ओळख नसलेल्या डेटावरच्या कामाला आढाव्यातून सूट मिळू शकते. पण ती सूट कमिटीने द्यायची, आपली आपण घ्यायची नाही. दोन पानी अर्ज करून सूट दिल्याचं पत्र काम सुरू होण्याआधी घेऊन ठेवा. नियतकालिक ते मागतंच, आणि मागच्या तारखेचं पत्र कुणी देत नाही.

परदेशी निधी किंवा परदेशी सहकारी असेल आणि भारतीय रुग्णांचा डेटा बाहेर जाणार असेल, तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी पाहावी लागते. त्याला वेळ लागतो. वेळापत्रकात महिने धरून चला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण ती ठरावीक निकष पाळणाऱ्यांना. रुग्णालयाच्या नोंदी पेन ड्राइव्हवर घरी नेणं तीत बसत नाही.

एक नवी अडचणही आहे. मिमिकसारखा कराराने मिळालेला डेटा चॅटबॉटमध्ये चिकटवून ‘विश्लेषण करून दे’ म्हणणं म्हणजे तो तिसऱ्याच्या हातात देणं. फिजिओनेटने यावर २०२३ मध्येच स्पष्ट सूचना काढली. कोड लिहून घ्या हवा तर, पण रुग्णांच्या ओळी त्यात टाकू नका.

पायरी ४: शिकायचं कुठे

यावर पैसे खर्च करायची गरज नाही. महागड्या ‘बायोइन्फॉर्मेटिक्स सर्टिफिकेट’च्या जाहिरातींपासून चार हात लांबच राहा.

लिनक्स किंवा पायथनशी अजिबात ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’पासून सुरुवात करा, तिथले कितीतरी धडे मराठीत आहेत. त्यानंतर जिनॉमिक्सकडे जायचं असेल तर केंब्रिजजवळच्या ‘युरोपियन बायोइन्फॉर्मेटिक्स इन्स्टिट्यूट’चे ऑनलाइन धडे, आणि सोबत ‘गॅलॅक्सी ट्रेनिंग नेटवर्क’. गॅलॅक्सीत ब्राउझरमध्येच सगळं चालतं आणि गणना त्यांच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो. कर्करोग आणि प्रथिनांसाठी एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणमंचावरचा आयआयटी मुंबईचा प्रोटिओजिनॉमिक्सचा (जनुकं आणि प्रथिनं एकत्र अभ्यासण्याचा) अभ्यासक्रम चांगला आहे. प्रत्यक्ष वर्गात बसून शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र आणि सी-डॅक पुणे यांच्या कार्यशाळांवर नजर ठेवा. परदेशात ‘वेलकम कनेक्टिंग सायन्स’चे अभ्यासक्रम आहेत, त्यांना शिष्यवृत्ती असते, अर्जात ‘शिकून परत आल्यावर काय करणार’ हे नेमकं लिहिणाऱ्याचा नंबर लागतो.

शिकण्याची खरी कसोटी एकच. एखादा छापून आलेला पेपर घ्या, त्याचाच डेटा उतरवा आणि त्यातली एक आकृती स्वतः पुन्हा काढा. जमली तर तुम्ही तयार आहात. जमली नाही आणि का जमली नाही ते कळलं, तर तुमच्या हाती कदाचित नवा विषयच लागला.

पायरी ५: पैसे

आधी खर्च कुठे आहे ते पाहा. डेटा फुकट, सॉफ्टवेअर फुकट, शिक्षण फुकट. खर्च माणसाच्या पोटापाण्याचा, आणि पेपर छापण्याचा. नियतकालिकं वाचायला मिळण्याची अडचण २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारने भरलेल्या एकत्रित वर्गणीमुळे सरकारी संस्थांत बरीच सुटली आहे, छपाईचे पैसे घेणाऱ्या नियतकालिकांची सुटलेली नाही. वर्गणीवर चालणारं नियतकालिक निवडा आणि हस्तलिखित ‘मेडआर्काइव्ह’ या छपाईआधीचे लेख ठेवणाऱ्या खुल्या संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे तो खर्च शून्यावर येतो.

पोटापाण्यासाठी: पीएचडी करणाऱ्यांना जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) आहेच. महाराष्ट्रात त्याशिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. खुल्या डेटावरचा विषय यांत उत्तम बसतो, कारण रसायनांच्या पैशांवाचून काम अडत नाही. एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. मुदत दोन महिन्यांची. रुग्ण जमवण्यात ती संपून जाते, पण तयार डेटावर एक नीट प्रश्न तेवढ्यात सुटतो.

प्राध्यापक आणि नोकरीतल्या संशोधकांसाठी आयसीएमआरचे बाह्य प्रकल्प, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं तरुण संशोधकांसाठीचं अनुदान, आणि ‘इंडिया अलायन्स’च्या फेलोशिप. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट मिळून चालवत असलेल्या या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली: १,००० कोटी विभागाचे, ५०० कोटी वेलकमचे. डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी त्यात वेगळी वाट असते. डेटावरून उत्पादन सुचलं असेल, तर जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं ‘बिग’ अनुदान. पुण्यात पाषाणचं व्हेंचर सेंटर त्यात मदत करतं. अमेरिकी अनुदानातला उपहिस्सा मिळवण्याची जुनी वाट मात्र २०२५ च्या मे महिन्यात एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने परदेशी संस्थांसाठी रोखून धरली. त्यावर बेत बांधू नका.

प्रस्तावात तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: डेटा मिळाल्याचं पत्र किंवा प्रत्यक्ष फाइल तुमच्याकडे आहे, त्यातला एक प्राथमिक निकाल, आणि किती माणसांच्या नोंदीत तुमचा प्रश्न खरोखर सुटतो याचं गणित. ‘आम्ही यूके बायोबँककडे अर्ज करणार आहोत’ अशा वाक्यावर परीक्षक पान उलटतात. खर्चात संगणकापेक्षा प्रोजेक्ट असोसिएटचा पगार जास्त धरा. डेटा साफ करण्यातच निम्मा वेळ जातो.

पायरी ६: माणसं

सगळा चांगला डेटा वेबसाइटवर नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये सहा गावांत सुरू केलेला ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ घ्या. गरोदरपणापासून सुरुवात करून त्या मुलांच्या तारुण्यापर्यंतच्या नोंदी. किंवा त्याच संस्थेची वढू परिसरातली लोकसंख्या-आरोग्य निगराणी. असा डेटा ‘डाउनलोड’ होत नाही. प्रश्न घेऊन माणसांकडे जावं लागतं, आणि ज्यांनी तीस वर्षं गावं पालथी घातली त्यांना लेखकांच्या यादीत आणि विचारातही जागा द्यावी लागते. सुरुवातीच्या टोमण्यातलं तथ्य हेच.

ईमेल लहान ठेवा. ‘मॅडम, तुमच्या पेपरमधला तिसरा तक्ता मी लासीच्या डेटावर करून पाहिला. ग्रामीण पुरुषांत निकाल उलटा येतोय. कोड आणि एक आकृती जोडली आहे. माझं कुठे चुकतंय का, हे पंधरा मिनिटं बोलून समजून घेता येईल का?’ अशा पत्राला उत्तर येतं. ‘मला आपल्यासोबत काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ या पत्राला येत नाही.

रुग्णालयात असाल तर ‘ओडिसी’ या जागतिक गटाकडे जरूर पाहा. तिथे डेटा हलत नाही, कोड हलतो. प्रत्येक रुग्णालय आपल्या नोंदी ‘ओमॉप’ या एकाच साच्यात बसवतं, अभ्यासाचा कोड प्रत्येकाकडे जाऊन चालतो आणि फक्त एकत्रित आकडे बाहेर पडतात. रुग्णाची नोंद कपाटाबाहेर न काढता मोठ्या अभ्यासात सामील होता येतं. त्यांचा भारतीय गटही आहे. मुंबईत आयआयटीचं कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आणि टाटा मेमोरियलमधलं डिजिटल ऑन्कॉलॉजीचं केंद्र याच प्रकारच्या कामात आहेत.

लेखकांचा क्रम पहिल्याच भेटीत लिहून घ्या. कोण पहिला, कोण शेवटचा, अर्धवट सोडलं तर काय. नंतर हे बोलणं फार अवघड जातं, विशेषतः समोर ‘सर’ असतील तर.

आणि स्वतःचा डेटा

हे सगळं करताना तुमच्याच विभागातही डेटा साठत असतो. तो उद्या दुसऱ्याला वापरता यावा असं वाटत असेल, तर आजच संमतीपत्रात दोन वाक्यं घाला: ‘ही माहिती माझी ओळख काढून टाकून भविष्यातल्या इतर आरोग्य संशोधनासाठी वापरायला आणि इतर संशोधकांना द्यायला माझी हरकत नाही’ आणि ‘मी नकार दिला तरी माझ्या उपचारांत फरक पडणार नाही’. दोन्हींसमोर वेगवेगळे चौकोन ठेवा, आणि मराठी प्रत वॉर्डातल्या मावशींना आधी वाचून दाखवा. त्यांना कळली तर रुग्णाला कळेल. जुन्या संमतीपत्रांत हे वाक्य नसेल तर तो डेटा खुला करता येईल का, हे एथिक्स कमिटीला विचारावंच लागेल. जनुकीय क्रम असेल तर फरिदाबादच्या केंद्रात जमा करा. बाकी तक्ते आणि कोड ‘झेनोडो’ या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवले की त्यांना कायमचा क्रमांक मिळतो. रकान्यांची यादी मात्र विसरू नका. कोणत्या रकान्यात काय, कोणत्या एककात, आणि ९९९ म्हणजे काय.